सुपडूनानांचा बिल्ला

आमच्या गल्लीतले सुपडूनाना लग्नाला निघाले की कोऱ्या सदऱ्याच्या खिशावर प्लॅस्टिकचा एक चपटा बिल्ला लावायचे. दशक्रियेलाही तोच. अणुवीज केंद्रात माणसाच्या अंगावर किती किरणं पडली, हे अशा बिल्ल्यातल्या फिल्मवरून कळतं. नाना तिथे तंत्रज्ञ होते. निवृत्त होऊन चोपड्याजवळच्या आमच्या गावी केळीबाग सांभाळायला आले, तेव्हा बायको आधीच गेली होती. सोबत दोन ट्रंका आणि हा बिल्ला. जमा करायचा राहून गेला म्हणायचे. आयुष्यात दुसरं काही विसरले नव्हते.

कोणी काहीही सांगितलं की ते मोजून पाहिलंय का, अशा अर्थाने नाना विचारायचे, "मोजं का?" औंदा ऊन फार आहे म्हटलं तरी तेच. एका साखरपुड्यात मुलीच्या बापाने कौतुकाने तिची उंची सांगितली आणि नाना बोलून गेले. त्या घरचं बोलावणं त्यांना पुन्हा आलं नाही.

सोव्हिएत रशियातल्या अणुभट्टीचा अपघात पेपरात आला आणि गाव नानांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागलं. त्यांच्या विहिरीवर बायका जाईनात. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. एका बैठकीत लोकांचा गैरसमज जाईल असं मला वाटलं, एवढा मी शहाणा! मारुतीच्या पारावर नानांचं भाषण ठेवलं.

नाना तासभर बोलले. फळाभर आकडे. लोक जांभया देऊ लागले. शेवटी लोकांना धीर यावा म्हणून नाना अहिराणीवर आले, "भ्यू नका रे! किरण बठ्ठीकडे शेतस. आपला केळामा बी शेतस!"

खरं होतं ते. किरणं सगळीकडे असतात, केळ्यातही मुळातच असतात, नावापुरती, आणि त्यांचा काही त्रास नाही. पण ऐकणारं अख्खं गाव केळीवर जगणारं. म्हातारे आबा पाटील काठी टेकत उठले. "आमना केळामा काहीच नव्हतं, सुपडू. तूच लई उना."

नानांनीच ती गावात आणली, हे सगळ्यांना पटलं आणि सभा तिथेच मोडली.

श्रावणात आमच्या खानदेशची देवी, कानबाई बसली. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांपुरते असतात, पण विसर्जनाच्या दिवशी नानांच्या बागेतली केळी गल्लीभर वाटायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. नाना टोपली घेऊन दारात उभे राहिले. मिरवणूक समोरून गेली, कोणी हात पुढे केला नाही. मी एक केळं घेतलं आणि कोपऱ्यावर वळल्यावर उकिरड्यावर टाकलं. विज्ञानाचा मास्तर मी! त्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाना रोज सकाळी ओट्यावर बसून केळी खाऊ लागले. गल्लीला दिसेल असं, सावकाश. सालं शेजारी नीट रचलेली. आठवडा झाला तसं मला राहवेना. जाऊन शेजारी बसलो आणि केळं फेकल्याचं सांगून टाकलं.

"माले माहीत शे," नाना म्हणाले.

हल्ली घरातही त्यांच्या खिशावर असायच्या त्या बिल्ल्याकडे मी बोट केलं. "यात अजून फिल्म आहे?"

त्यांनी तो उघडून दाखवला. रिकामा होता.

"मग लावता कशाला, नाना?"

"तठे केंद्रमा दर महिनाले फिल्म तपासाले जाये, मंग चिठ्ठी ये. सुपडू महाजन, ठीक." नाना हातातलं केळं सोलत राहिले. "दर महिनाले कोणीतरी देखे, मी बरा शे का नही. आते कोन देखस?"

मी टोपलीतलं केळं उचललं आणि गल्लीकडे तोंड करून खाल्लं. गल्लीला धीर यायला मात्र पुढची कानबाई उजाडावी लागली.

त्याआधीच, पुढच्या एक तारखेला शाळेत जाताना मी वहीचं पान फाडलं, त्यावर 'सुपडू महाजन, ठीक' असं लिहिलं आणि नानांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, बारीक घडी करून बिल्ल्यात ठेवलं. मग माझ्याकडे बघून विचारलंच, "मोजं का?"