मृदुला साळूचा परिचय

एका जंगलात, बाळांनो, विद्यापीठ निघालं. हसू नका. हल्ली ते कुठेही निघतं.

तिथे मृदुला नावाच्या साळूला प्रवेश मिळाला. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे. मुलींच्या वसतिगृहाचा नियम असा, की एका बिळात दोघींनी राहायचं आणि जोडीदारीण जिची तिने आधीच शोधायची. न मिळाली तर प्रवेश रद्द. आता साळूशेजारी झोपायला कोण तयार होणार, तुम्हीच सांगा. पोर धास्तावली होती.

नव्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथे प्रत्येकाने आपली ओळख लिहायची. मृदुलाने आधी बाकीच्यांच्या वाचल्या. गव्याच्या लेकीत उपजत नेतृत्वगुण होते. घुबडाच्या पोराला नव्या पहाटेची ओढ होती. आणि ज्ञानाची भूक तर सगळ्यांनाच होती. तरसाची भूक एक वेळ खरी धरू, पण बाकीच्यांचं काय?

मृदुला भोळी. तिने लिहिलं, "मी मृदुला. मला मुळं उकरायला आवडतात. मला काटे आहेत, पण मी अंग चोरून झोपते. मला मैत्रीण हवी आहे."

दोन दिवस गेले. घुबडाने तेवढं फुलांचं चित्र पाठवलं, तेही तो सगळ्यांनाच पाठवायचा. मृदुला कोपऱ्यात तोंड घालून रडली.

तिची आई मालनबाई. थोरल्या दोन लेकी तिने उजवलेल्या, त्यामुळे परिचय कसा लिहावा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने फोन काढून घेतला आणि लिहिलं, "कु. मृदुला. बांधा भरदार, रूप उठावदार, स्वभाव मनमिळाऊ. पहाटे उठते. अपेक्षा: मुलगी घरंदाज, निर्व्यसनी, न घोरणारी."

"आणि काटे?" मृदुलाने विचारलं.

"ते बघण्याच्या कार्यक्रमात दिसतील," आई म्हणाली.

घटकाभरात चाळीस उत्तरं आली. कुणी पत्रिका मागितली. कुणी विचारलं, मामा कुठले? आलं ना लक्षात, बाळांनो? त्या ग्रुपमध्ये पोरं जवळजवळ नव्हतीच. सगळे आईबाप बसले होते. नेतृत्वगुण, भूक, पहाटेची ओढ, सारं त्यांनीच लिहिलेलं.

मालनबाईंचं जमलं ते त्वरिता कासविणीच्या आईशी. माणसं पाठीची टणक, काट्यांची भीती नाही. दोघींनी आठ दिवस फोनवर लोणच्यापासून जावांपर्यंत सगळं बोलून घेतलं. प्रवेशाच्या दिवशी त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, बिळात शिरल्या, अंथरुणं घातली, आणि मग बाहेर निघेनातच.

मुली दाराशी बसून राहिल्या.

"तू खरंच पहाटे उठतेस?" त्वरिताने हळूच विचारलं.

"छे. मी पहाटे झोपते. आणि तुझ्या परिचयात लिहिलंय तशी तू खरंच चपळ आहेस?"

त्वरिताने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. "नाही," ती म्हणाली.

दोघी इतक्या हसल्या की विचारू नका. मृदुलाला मैत्रीण मिळाली होती. बिळात जागा मात्र उरली नव्हती.

तात्पर्य, वहीत लिहून घ्या आणि घरी दाखवू नका: स्वतःची ओळख खरीखुरी करून दिली, की मैत्रीण मिळतेच. फक्त त्याआधी आईला एक मिळवून द्यावी लागते.