शेवटच्या कडव्यातला थांबा

दंतवैद्यांनी फोनवर जो शब्द वापरला तो अगदी बरोबर होता. घोटाळा त्यामुळेच झाला.

"गच्चीवरचे ड्रम टेम्पोत घालून हॉलवर पाठव. पुसून पाठव," असं त्यांनी मित्राच्या इमारतीच्या वॉचमनला सांगितलं. समोरच्या खुर्चीत भूल दिलेला पेशंट आ वासून बसला होता, त्यामुळे जास्त बोलायला सवड नव्हती. वॉचमन आज्ञाधारक माणूस. त्याने ड्रम पुसले आणि पाठवले.

दंतवैद्य तरुणपणी 'उलटे पंखे' या रॉक बँडमध्ये गिटार वाजवत. त्यांच्या पेशंटांना हे खरं वाटत नसे, आणि डॉक्टरांच्या पोटाचा आताचा घेर बघता त्यात पेशंटांचा दोष नव्हता. बँडच्या ड्रमरला सगळे धडधड्या म्हणत. तो नुकताच गेला. आयुष्यभर शेजाऱ्यांची झोप उडवली आणि स्वतः मात्र झोपेत गेला, असं म्हणून दंतवैद्य हसले आणि भर रस्त्यात रडू लागले.

धडधड्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, शोकसभेसाठी एकच मागणं केलं होतं. "भाषणं हवी तेवढी करा, भाऊजी. पण ते गाणं एकदा त्याच्या ड्रमवर वाजवा. मग मी ते देऊन टाकीन. गच्चीवरच्या खोलीत ते गप्प पडलेत ना, मला खाली झोप लागत नाही."

ते गाणं म्हणजे उलट्या पंख्यांचं एकमेव गाजलेलं गाणं. ड्रम दणक्यात चालू असतात आणि प्रत्येक कडव्यात मध्येच एक ठोका गायब होतो. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं पोटात होतं. पुढे जेवढे बँड झाले त्या सगळ्यांनी हा थांबा उचलला. काहींनी त्यावर नाव कमावलं, उरलेल्यांनी नुसते केस वाढवले. फक्त शेवटच्या कडव्यात थांबा नाही. तिथे ड्रम सुसाट पळतात.

शोकसभेला हॉल गच्च भरला. रॉकवाले एरवीही काळेच कपडे घालतात, त्यामुळे कुणाला वेगळी तयारी करावी लागली नव्हती. पडदा सरकला आणि रंगमंचावर तीन निळी प्लास्टिकची पिंपं दिसली. मधल्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'पिण्यासाठी नाही'.

पहिल्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. काहीतरी नवीन प्रयोग असेल, असं त्यांना वाटलं.

दंतवैद्यांनी विंगेत जाऊन फोन लावला. "अरे, हे पाण्याचे ड्रम आहेत!"

"तुम्ही ड्रमच म्हणालात, साहेब."

"मला वाजवायचे हवे होते!"

"मग बाजा म्हणायचं ना! तो खोलीत आहे. कुलूप आहे, किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. आणि साहेब, इथे पाणी आलंय. लोक ड्रम शोधतायत. मी सांगितलं, डॉक्टरांनी नेलेत."

टेम्पोवाला दुसऱ्या भाड्याला निघून गेला होता. वेळ मारून न्यायची म्हणून दंतवैद्यांनी रॉकच्या इतिहासाच्या अभ्यासकांना बोलायला उभं केलं. ही त्या दिवसातली त्यांची दुसरी चूक.

"तो थांबा म्हणजे व्यवस्थेला दिलेला नकार आहे," अभ्यासकांनी सुरुवात केली. बराच वेळ ते थांब्यावर न थांबता बोलले. "आणि शेवटच्या कडव्यात थांबा नाही, कारण तिथे बंडखोर थकला आहे. तो पराभव आहे."

"नाही हो," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. "तो दाराकडे बघत होता."



"त्याने मला मागणी घातली होती. मी म्हटलं, विचार करते. हो असेल तर तुझ्या रेकॉर्डिंगला येईन, नाही आले तर समजून जा. हा वाजवता वाजवता मान वळवून दाराकडे बघायचा, की हात चुकायचा. टेप एकच उरली होती, पुन्हा वाजवायची सोयच नव्हती." त्या किंचित हसल्या. "शेवटच्या कडव्याच्या आत मी पोचले."

अभ्यासक हळूच खाली बसले. दंतवैद्य त्या दिवशी गिटार घेऊन धडधड्याच्या शेजारीच उभे होते, पण त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "वहिनी, मला माफ करा. त्याचे ड्रम मी आणू शकलो नाही."

"राहू द्या. ज्याचे होते तोच नाही. ह्यांच्यावर वाजवा."

सध्याच्या सगळ्यात मोठ्या बँडचा टकला ड्रमर उठला. तो थांबा वाजवतच त्याची हयात गेली होती. पिंपं उलटी करून तो मागे बसला, दंतवैद्यांनी गिटार गळ्यात अडकवली. पिंपांचा आवाज ढबढब येत होता, बेसूर म्हणावा असाच. पण पहिला थांबा आला आणि वहिनींनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दुसऱ्या थांब्याला निम्म्या हॉलने पाहिलं.

शेवटचं कडवं आलं. इथे थांबायचं नसतं हे टकल्याला झोपेतही ठाऊक होतं. पण त्याचे डोळे भरून आले होते, समोरचं काही दिसत नव्हतं, आणि त्याचा हात थांबला.

सगळ्या हॉलने दाराकडे पाहिलं. दार उघडलं.

दारात वहिनींच्या खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या, मागे वॉचमन.

"आमचे ड्रम कुठेयत?" काकू तावातावाने म्हणाल्या. मग एवढी माणसं आपल्याकडेच बघताहेत आणि सगळी रडताहेत, हे पाहून त्या गांगरल्या. "म्हणजे, घाई नाही तशी. पाणी जाईल एवढंच."

वहिनी हसल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदाच खळखळून हसल्या, आणि हसता हसता त्यांना हुंदका आला तो आवरेना. दंतवैद्यांनी गिटार बाजूला ठेवली, पण वहिनींनी हातानेच त्यांना थांबवलं.

"चुकलो मी," टकला म्हणाला. "शेवटच्या कडव्यात थांबायचं नसतं."

"तेव्हा नव्हतं थांबायचं. तेव्हा मी आले होते," वहिनींनी पदराने डोळे पुसले. "आता थांबत जा. परत एकदा वाजवा."

काकूंनी बादली उलटी केली आणि दाराशीच तिच्यावर बसल्या.