घरच्या पेशींचं औषध

आमच्या शेजारच्या आप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडून डोकेदुखीची गोळी घेतली, तेव्हा विचारलं, "ताई, ही आंतरप्रवाही का स्पर्शजन्य?" म्हणजे झाडभर भिनणारी, की पडेल तिथंच मारणारी.

मांडवगण फराट्यात माझं मेडिकल आणि त्यांचं कृषी सेवा केंद्र, मध्ये एकच भिंत. माझ्याकडे माणसांची औषधं, त्यांच्याकडे कांद्याची, उसाची. "आपुन एकाच धंद्यातले," असं ते माझ्या गिऱ्हाइकांना सांगतात, आणि गिऱ्हाईक हातातली गोळी परत एकदा निरखून बघतं.

त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, कॅन्सर झाला आणि तो यकृतापर्यंत गेला, तेव्हाही आप्पांचं तेच. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, या इंजेक्शनात औषधाचे नॅनो कण आहेत. आप्पा खूश. "नॅनो युरिया इकतो की मी! पोत्याचं काम बाटलीत." डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी मान डोलावली.

इंजेक्शनानं गाठ हटेना. मग त्याच डॉक्टरांकडून आप्पांनी ऐकलं, की रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत औषध भरून ते गाठीपर्यंत पोचवायचे प्रयोग चाललेत. तेव्हापासून दुसरा विषय नाही. "फवारणीला भाईरचा माणूस कशाला, ताई? घरचा धाडायचा. वळखीचा म्हंजी गाठ बी दार उघडती."

रोज सकाळी आपल्या दुकानाच्या दारात उभं राहून मोठ्यानं विचारायचे, "ताई, ते घरच्या पेशींचं औषध आलं का?"

"आप्पा, ते अजून उंदरांवर चाललंय."

"उंदरांचं औषध तर माझ्याकडं बी हाय!"

महिनाभर हे चाललं. खोटा दिलासा द्यायला मला जमत नाही. शेवटी एकदा बाहेर येऊन सांगितलं, "आप्पा, त्याला वर्षं लागतील. वहिनींना ते मिळायचं नाही."

"हळू बोला." त्यांच्या दुकानामागच्या खोलीत वहिनींची कॉट होती. "मला ठावं हाय. डॉक्टरनी कवाच सांगितलंय. पर माझं इचारणं कानावर पडलं, की ती कपभर च्या घेती. येरवी पाणी बी न्हाई."

मग परत आपल्या दारात जाऊन गाव ऐकेल एवढ्यानं ओरडले, "ताई, आलं का?"

माझ्या काउंटरपाशी चार गिऱ्हाइकं उभी होती.

"मागवलंय, आप्पा!" मी ओरडले. "येईल."

भिंतीपलीकडं कपबशी वाजली. आप्पा माझ्याकडं न बघता आत गेले.