तीन शब्दांचा निरोप

किहाचींना मोबाइलवर साधा निरोप धाडायचा झाला, तरी आधी हवामान लागे. पस्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस, पत्राची रीत अंगात मुरलेली. पानं गळू लागली, पहाटे गारठा जाणवतो, तुझी प्रकृती उत्तम असेलच, एवढं झालं की मग मुद्दा. तोक्योतली लेक चिगुसा पहिली ओळ वाचून एक हसरं चित्र टाकायची आणि मोकळी व्हायची. सहा वर्षं असंच चाललं होतं.

मग म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवणाऱ्या बाईंनी किहाचींना सांगितलं, लांबण लावली की पोरं कंटाळतात, थोडक्यात लिहा. शनिवारी सकाळी चिगुसाला तीनच शब्द आले: "काय गं, मजेत?"

हवामान नाही, प्रकृती नाही, खाली नाव नाही. बाबांना नक्कीच झटका आला असणार. तिने दहादा फोन लावला, कुणी उचलेना. शेजारच्या हात्सुएकाकूंना पिटाळलं, तर घर उघडं, टीव्ही चालू, मोबाइल पडलेला, माणूस गायब. काकूंनी चौकी गाठली. लगेच गावच्या भोंग्यावर पुकारा झाला, ब्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ हरवले आहेत. नाव सांगायची आपल्यात पद्धत नाही.

किहाची मागच्या खोपटात लोणच्यासाठीचे मुळे धुरीला टांगत होते. पुकारा ऐकून त्यांचा जीव कळवळला. हातातले मुळे टाकून तेही शोधायला निघाले. चौकीवरच्या नव्या पोलिसाने त्यांचे आभार मानले आणि अख्खा नदीकाठ त्यांच्याकडे सोपवला.

इकडे तातडीने गावी निघालेली चिगुसा गाडीत बाबांचे जुने निरोप पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचत होती. पर्सिमनची फळं पिकली. बर्फ पडला. तुझ्या खोलीची खिडकी दुरुस्त केली. आणि प्रत्येकाच्या शेवटी, सवड झाली तर ये. तिला फार अपराधी वाटलं, डोळे पुसून पुसून रुमाल भिजला.

दुपारी ती धावत घरी पोचली, तर उंबऱ्यावर चिखलाने माखलेले बाबा मोजे बदलून पुन्हा बूट चढवत बसलेले.

"अगं, तू? बरं झालं आलीस. चहा घे, मी आलोच. एक म्हातारा हरवलाय. घरच्यांचं लक्ष नसेल, दुसरं काय."

चिगुसा खाली बसली आणि त्यांच्या पायातले बूट काढू लागली.

"सापडला तो, बाबा."

"हो? घरच्यांना कळवलं का?"

"कळलं त्यांना," ती म्हणाली. "उशिरा कळलं."