एक माता अनुपस्थित

स्तनपान सप्ताहाचा तिसरा दिवस होता आणि पेठेतल्या त्या प्रसूतिगृहात सर्व काही नियमानुसार चालू होतं. खडकीच्या सबाची मुलगीही तीनच दिवसांची होती. ती नाकाच्या शेंड्यापासून पोटापर्यंत पिवळी पडली होती.

"कावीळ आहे, घाबरू नका," सकाळच्या फेरीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटात दूध गेलं की शी होते आणि शीवाटे कावीळ उतरते. दर दोन तासांनी अंगावर घ्या, झोपली असली तरी उठवून. पाणी, मध, साखर काही द्यायचं नाही. संध्याकाळी रक्त पुन्हा तपासू. आकडा वाढला तर निळ्या दिव्याखाली ठेवावं लागेल."

सबाने नऊला पाजलं. दहाला राधा सिस्टर परिपत्रक घेऊन आल्या. खालच्या सभागृहात स्तनपान जागृती सोहळा होता, मातांची उपस्थिती अनिवार्य. बाळं वरच राहतील, आयाबाईंकडे.

"बाळाला बरोबर घेऊ ना?"

"अहो, कार्यक्रम आहे. बाळं रडतात."

प्रमुख पाहुणे हिंमतराव अकराला येणार होते. साडेबाराला त्यांची गाडी अजून हिंजवडीच्या चौकातच होती. तोवर एकवीस माता टाके सांभाळत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून समोरचा फलक वाचत होत्या : 'आईचं दूध, दर दोन तासांनी.' सबाचा कुडता पुढून ओला झाला. ओढणी सावरत ती म्हणाली, "सिस्टर, जरा वर जाऊन येऊ? साडेतीन तास झाले."

"हा कार्यक्रम कोणासाठी आहे? तुमच्यासाठीच ना? मग बसा."

एकला हिंमतराव आले. हार झाले, समई लागली, माइक हातात आला. "भगिनींनो, बाळाला क्षणभरही उपाशी ठेवू नका!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच सबा उठली आणि जिना चढली.

वर विलक्षण शांतता होती. आयाबाई चंद्रभागा वाटी-चमचा घेऊन पाळण्यापाळण्याने फिरत होत्या.

"काय पाजताय, मावशी?"

"साखरपाणी गं. रडणं माइकमध्ये येतंय, असा खालून निरोप आला."

सबाने मुलीला उचललं, तळवे चोळून जागं केलं आणि ओढणीआड घेतलं. पोर अशी तुटून पडली, की सबाचेच डोळे भरून आले. तेवढ्यात राधा सिस्टर धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.

"खाली 'आदर्श स्तनदा माता' म्हणून तुमचं नाव पुकारतायत, आणि तुम्ही इथे दूध पाजत बसलात?"

"झालं की येते," सबा म्हणाली. "हिला मात्र सोडायची काही घाई दिसत नाही."

सन्मान शेजारच्या खुर्चीतल्या मातेला देण्यात आला. सबाच्या केसपेपरवर शेरा पडला : 'स्तनपान उपक्रमास असहकार.'

संध्याकाळी तिच्या मुलीचा आकडा वाढला नाही. आदर्श मातेच्या मुलाचा वाढला, आणखी तिघांचाही. निळे दिवे दोनच होते. प्रशासनाने तातडीने दखल घेऊन पुढच्या महिन्यात 'नवजात कावीळ जागृती सप्ताह' जाहीर केला. मातांची उपस्थिती अनिवार्य.

सोहळ्याचा फोटो तुमच्याही मोबाइलवर आला होता. वीस माता, एक पाहुणे, एक समई. तुम्ही त्याखाली 'स्तुत्य उपक्रम!' असं लिहिलंत, दोन जोडलेले हात टाकलेत आणि पुढे सरकलात. या बायकांची बाळं कुठे आहेत, हे विचारायला तुम्हाला तरी कुठे सवड होती?