पाचवा गज

दिग्रसला आमच्या गल्लीत कोणाचं लग्न असलं की देवरावभाऊ नेहमी दुसऱ्या रांगेत बसायचे. एकदा त्यांच्या पुढ्यात नवरदेवाचे मामा येऊन बसले. मामांना टक्कल, आणि टकलावर मांडवातला मोठा दिवा. भाऊंनी पाच मिनिटं सोसलं. मग स्वतःची टोपी काढली आणि मागून अलगद मामांच्या डोक्यावर घातली. "झाका ते!" एवढंच म्हणाले. मंगलाष्टकं तिथेच अडखळली.

भाऊंचं घर आमच्या घराच्या पाठीमागे. जन्मभर जिनिंगच्या आवारात, उन्हात, कापसाच्या ढिगांवर देखरेख केलेला माणूस. पांढरं पाहून पाहून डोळे विटले असावेत. चकाकणारं काही दिसलं की, "झाका ते!" आमच्याकडे जेवायला आले की स्टीलचा तांब्या त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली, आणि ताटाऐवजी पत्रावळ. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. "त्याहीले काय मालूम?" भाऊ म्हणाले. "तुमच्यासाठी तो उजेड हाये, वयनी. माह्यासाठी सुई हाये सुई."

मला ते नाटक वाटायचं. पाच वर्षांपूर्वी आम्ही मागच्या पडवीवरचे मातीचे कवेलू काढून नवे पत्रे टाकले. दुपारी त्यांचा चमकारा थेट भाऊंच्या स्वयंपाकघरात जायचा. ते रोज कुंपणाशी येऊन ओरडायचे. मी तेव्हा जेमतेम साठीची. कोवळं वय, अक्कल यायची होती. मी उलट हातात आरसा घेऊन त्यांच्या भिंतीवर कवडसा नाचवायची. त्यांची बायको शांताबाई खिडकीत उभी राहून पदर तोंडाला लावायची आणि हसायची. "नका ना वो बाई, आज जेवनार नाहीत ते!" म्हणाली की मी आणखी नाचवायची.

दोन वर्षांपूर्वी शांताबाई गेली, आणि भाऊंनी घरच झाकून टाकलं. खिडक्यांना पोती, भांड्यांना काजळी, आरशावर चादर. त्यामुळे दाढी छातीपर्यंत. मी डबा घेऊन जायची तेव्हा भर दुपारी त्या घरात स्वतःचा हात दिसायचा नाही. फक्त स्वयंपाकघराची खिडकी, तीही आमच्या पत्र्यांसमोरची, सताड उघडी.

एकदा बाराच्या सुमाराला गेले, तर भाऊ त्या खिडकीसमोर उभे. डोळे ताणून पत्र्यांकडे बघतायत, गालांवरून पाणी चाललंय. मग त्यांनी डोळे मिटले, आणि कोणाला वाट करून द्यावी तसे एक पाऊल मागे सरकले. मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने घर गाठलं.

या उन्हाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि अंगणात वाळत घातलेला चमचासुद्धा डोळ्यात घुसायला लागला. काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसले, तेव्हा तो आरसा आठवला. सुई म्हणजे काय ते कळलं. लाज वाटली म्हणा. दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला. म्हटलं, सगळ्या पत्र्यांना विटकरी रंग मार.

दुपारी पेंटर जेवायला गेला तेव्हा दोनच पत्रे उरले होते. इतक्यात भाऊ आले. छत्री नाही, चप्पल नाही, भर उन्हात उघड्या डोळ्यांनी.

"वयनी, तेवढं झाकू नका."

"आता माय! तुमच्यासाठीच तं करून राह्यली मी!"

"शांता तिथंच रायते," ते म्हणाले.

ते घराकडे वळले. मी त्यांच्या मागोमाग गेले. स्वयंपाकघरात त्यांनी ओट्याकडे बोट केलं. "दुपारी ते इथं उभी राहे. मागून तुमचा पत्रा. तिचं तोंड दिसेच नाही मले, नुसती काळी बाई. मी खेकसो, सरक बाजूले, डोये फुटून राह्यले माहे! ते गुमान सरके." "आता पत्र्याकडं पायतो, डोये मिटतो, तं उभी असते. पन सरकत नाही. मीच सरकतो."

मी काळा चष्मा काढला. खिडकीतून त्या दोन पत्र्यांकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहिलं आणि डोळे मिटले. आधी हिरवी खिडकी दिसली, मग जांभळी. त्या खिडकीला गज चार. मी सवयीने मोजले. पाच भरले. पाचवा खालून रुंद होता, आणि एका पायावरचा भार हळूच दुसऱ्या पायावर घेत होता.

"वयनी," भाऊंचा आवाज आला. "एक इचारतो. तोंड कोनीकडं हाये तिचं? माह्याकडं, का भायेर? दोन वर्षं झाले, समजूनच नाही राह्यलं."

काळ्या आकृतीला पाठ कुठली आणि पोट कुठलं! पण मी जन्मभर थापा मारत आलेली.

"तुमच्याकडं," मी म्हटलं. "पदर तोंडाले लावून हसून राह्यली."

मी डोळे उघडले आणि मागे न पाहता बाहेर पडले.

ते दोन पत्रे तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी बाराला मुद्दाम कुंपणाशी गेले. खिडकीत भाऊ उभे होते, डोळे मिटून. आरशावरची चादर निघाली असावी. दाढी गुळगुळीत, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा. पत्र्यांचं ऊन त्या सदऱ्यावर पडून असं लखलखत होतं की माझ्या डोळ्यांना धार लागली.

मी 'झाका ते' म्हटलं नाही.