किशनरावांचं निर्णायक मत

आमच्या बिल्डिंगमध्ये भांडण झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची टाईप केलेली प्रत घरपोच मिळते.

आम्ही नारायणगुड्याला राहायला आलो, त्याच आठवड्यात माझं आणि नवऱ्याचं पाण्याच्या मोटरवरून जिन्यात जुंपलं. मोटर बंद करायला कोण विसरलं, एवढाच प्रश्न होता. पण तो बघता बघता सासूबाईंपर्यंत आणि माझ्या माहेरापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी दाराखालून दोन पानं आत सरकली. वर लिहिलं होतं, ‘असंपादित. दुरुस्ती असल्यास चोवीस तासांत कळवावी.’ खाली आमचं भांडण, शब्दन् शब्द. मधे मधे कंसात ‘(गोंधळ)’, ‘(अडथळा)’. नवरा माझ्या बहिणीबद्दल जे बोलला होता तिथे ‘(सन्माननीय सदस्य काहीतरी पुटपुटले, ते ऐकू आले नाही)’. वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवरा पोट धरून हसला, म्हणून आमचं पुन्हा भांडण झालं. त्याचीही प्रत आली.

हे उद्योग करणारे गृहस्थ म्हणजे वरच्या मजल्यावरचे किशनराव उमरीकर. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात टोक काढलेल्या तीन पेन्सिली. पस्तीस वर्षं विधानसभेत लघुलेखक होते. अध्यक्षांच्या खुर्चीखाली बसायचं आणि जो जे ओरडेल ते उतरवून घ्यायचं, हा त्यांचा धंदा. रिटायर झाले, पण हात थांबला नाही. भाजीवाल्यापाशी उभे राहिले तरी एक पेन्सिल बाहेर. “काल वांगी बियांची नाहीत म्हणालास. रेकॉर्डवर आहे!” तो बिचारा म्हणायचा, “चाचा, बैंगन में बियां नै रैंगे तो क्या मोती रैंगे?” किशनराव तेही लिहून घ्यायचे.

त्यांची बायको, कमलाकाकू, त्यांना पुरून उरणारी होती. आमटीला मीठ कमी आहे असं ते म्हणाले, की काकू ताट उचलून सभात्याग करायच्या आणि शेजारी जाऊन गप्पा मारत बसायच्या. काकू जाऊन आता नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्यामुळे त्यांचा सगळा जोर बिल्डिंगवर आणि जामबागेतल्या आमच्या मराठी मंडळावर आला.

मंडळाची मी कार्यवाह. म्हणजे सतरंज्या कुणी उचलायच्या यापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळ्यांच्या शिव्या खाणारी बाई. शिव्यांना मी भीत नाही. शाळेत सव्वीस वर्षं नववीचे वर्ग सांभाळलेत. पण या माणसाने माझा चार महिने जो छळ केला, तो नववीच्या कुठल्या तुकडीने केला नाही.

झालं असं, की मंडळाच्या तळमजल्यावर एक फुकट दवाखाना आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, एरवी कंपाउंडर मोईनभाई. खोकल्याचं औषध, मलमपट्टी, बीपी, एवढंच. आमच्यातल्या तरुण मंडळींनी काढलं, की हा खर्च बंद करून त्याच पैशात सगळ्या सभासद कुटुंबांना विम्याचं कार्ड घेऊ. मोठं दुखणं आलं तर निदान इस्पितळाच्या दारात उभं तरी करतील. पैसा दोन्हींना पुरणारा नव्हता. एक ठेवायचं तर दुसरं जाणार. मी कार्डाच्या बाजूने होते. ठराव मीच लिहिला, ‘आरोग्य सुधारणा ठराव’.

तिथून मंडळ उभं चिरलं. कार्डवाले आणि दवाखानावाले. कार्डवाले कूलरच्या बाजूला बसायचे, दवाखानावाले पंख्याखाली. बारा वर्षं एकमेकींकडे विरजण मागणाऱ्या बायका हळदीकुंकवाला तोंडं फिरवून बसल्या. मंडळाच्या गणपतीची आरती दोनदा झाली, सात वाजता त्यांची, आठ वाजता आमची. आपली बाजू सोडून दुसऱ्या बाजूचं कुणी काय म्हणतंय, हे ऐकायची कुणाचीच तयारी नव्हती. माझीही नव्हती, खोटं कशाला बोलू?

दवाखानावाल्यांचे पुढारी अर्थातच किशनराव. पहिली सभा त्यांनी नावावरच घालवली. “सुधारणा आहे हे अजून सिद्ध व्हायचंय. मग शीर्षकात सुधारणा शब्द कसा? पॉइंट ऑफ ऑर्डर!” तीन तास. लोक जांभया देत घरी गेले. दुसऱ्या सभेत म्हणाले, ठराव कलमवार वाचा. मी वाचला. सातव्या कलमावर ते उठून उभे राहिले.

“माननीय कार्यवाह, हे कलम पुन्हा वाचा. मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. वयाची सत्तर वर्षं पूर्ण केलेल्या सभासदांना कार्ड लागू होणार नाही.

“म्हणजे सत्तरीच्या पुढच्यांना कार्ड नाही, आणि दवाखानाही बंद. मग त्यांनी काय करावं? मुसी नदीत जावं?”

“काका, कंपनी त्या वयाचे लोक घेत नाही. मी काय करू?”

“तुम्ही ते कलम बारीक अक्षरांत कामून टाईप केलं, ते सांगा!”

मी खरंच बारीक अक्षरांत टाईप केलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि माणूस असा पकडला गेला की जसा चिडतो तशी मी चिडले. म्हटलं, तुम्ही तीस वर्षं फुकट औषधं घेतलीत, आता लहान पोरांच्या तोंडचं काढू नका. यावर जो गदारोळ झाला त्याची प्रत मला दुसऱ्या दिवशी मिळाली. अकरा पानं. मी ती त्यांच्या दारासमोर टराटरा फाडली. तिसऱ्या सभेत त्यांनी डोकी मोजली, आपली माणसं घेऊन बाहेर पडले आणि जाता जाता दारातून ओरडले, “गणपूर्ती नाही!”

त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, हा म्हातारा मरेपर्यंत ठराव होऊ देणार नाही. नवरा म्हणाला, हळू बोल, वर ऐकू जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. लिहून घेऊ दे.

पण रागात माणसाला कधी कधी युक्ती सुचते. मंडळाचे अध्यक्ष या कटकटीला कंटाळून मुलीकडे बंगळूरला गेले होते. चौथ्या सभेला खुर्ची रिकामी होती. मी उठून म्हटलं, “आजच्या सभेचं अध्यक्षपद किशनराव उमरीकरांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडते.” अध्यक्षाला भाषण करता येत नाही, बाजू घेता येत नाही, मत देता येत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, ओरडून ओरडून. त्यांना गप्प बसवायचं असेल तर खुर्चीवर बसवा, एवढं साधं गणित.

त्यांना डाव कळला नसेल असं मुळीच नाही. पण पस्तीस वर्षं त्या खुर्चीखाली बसलेला माणूस. त्यांचे कान लाल झाले. बुशशर्टाचं वरचं बटण लावलं, पेन्सिली काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या आणि वर जाऊन बसले. पंख्याखालून त्यांचे दोस्त भास्करराव ओरडले, “किशन, बसू नको! फसवायलेत तुला!” भास्करराव म्हणजे वीस वर्षं रोज सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाणारे.

“सन्माननीय सदस्यांनी खुर्चीला एकेरी संबोधू नये,” किशनराव म्हणाले. “खाली बसा.”

आणि खरं सांगते, असा अध्यक्ष मी जन्मात पाहिला नाही. दोन्ही बाजूंना सारखं झापलं. आमच्या एका पोराने मोबाईल काढला, त्याला बाहेर काढलं. भास्कररावांनी गणपूर्तीचा मुद्दा काढला, तर स्वतः डोकी मोजून त्यांना गप्प केलं. सातवं कलम आलं तेव्हा मला वाटलं, आता हे उठणार. त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं, इकडे तिकडे न बघता, आणि पुढच्या कलमाकडे वळले.

मग रेखा उठली. मागच्या वर्षी तिचा नवरा गेला. तिशी-बत्तिशीची पोर, कोठीच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात काम करते.

“अंकल, मला मराठी वाचायला नीट येत नाही. तुमचं ते कलम-बिलम समजत नाही मला. माझ्या मिस्टरांच्या छातीत दुखायलं होतं. पहिल्या हॉस्पिटलमध्ये बोलले, आधी डिपॉझिट भरा. मी बांगड्या काढून काउंटरवर ठेवल्या. बोलले, हे नै चालत, कॅश आणा. दुसऱ्या हॉस्पिटलच्या गेटपर्यंत पोचलो, तिथं ऑटोतच गेले ते. माझ्या मांडीवर.” तिचा आवाज चढला. “आणि तुम्ही लोक खोकल्याच्या औषधासाठी चार महिने भांडायलात? शरम नै वाटत? मला दोन पोरी आहेत. उद्या त्यांना काही झालं, तर मोईनभाईकडं घेऊन येऊ का मी?”

“भावनेचं भांडवल नको!” पंख्याखालून कुणीतरी ओरडलं.

“खाली बसा!” किशनराव असे गरजले की कूलरजवळचं एक लेकरू रडायला लागलं.

मतदान झालं. हात मी मोजले, मग भास्कररावांनी मोजले. एक्केचाळीस इकडे, एक्केचाळीस तिकडे. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अध्यक्षाला मत नसतं, पण बरोबरी झाली तर असतं. निर्णायक मत. मी मुद्दाम, हट्टाने, आमच्या सगळ्यात कडव्या विरोधकाच्या हातात ते दिलं होतं. भास्करराव तर खुशीत चुटक्या वाजवायला लागले. त्यात पुन्हा जुना दंडक असा, की अध्यक्षाने निर्णायक मत नेहमी आहे ते राहू देण्याच्या बाजूने द्यावं. म्हणजे नियमही त्यांच्या बाजूचा. मी पर्स उचलली. मला रडू येत होतं, संतापाने.

किशनरावांचा हात पेन्सिलीसाठी खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. मग म्हणाले, “अध्यक्षांचं मत ठरावाच्या बाजूनं. ठराव मंजूर. सभा संपली.”

पुढच्या गोंधळात भास्कररावांनी पायातली चप्पल हातात घेतल्याचं मला आठवतं. “गद्दार!” असं तीनदा ओरडले. त्यानंतर ते किशनरावांबरोबर फिरायला गेले नाहीत, आजतागायत.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन वर गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

“काका, तुमचे आभार...”

“अध्यक्षाचे आभार मानायची पद्धत नाही. अध्यक्षाला पक्ष नसतो.”

“पण नियम तर उलटा होता.”

“मला नियम सांगू नका सुनंदाबाई!” ते कडाडले. “पस्तीस वर्षं कधी नियमाबाहेर गेलो नाही, ते काल गेलो, तुमच्यामुळं. खुर्चीवर बसवलंत ना? हातात पेन्सिल नव्हती. लिहीत असलं की आपल्या कानात काही शिरत नाही, शब्द कानातून हातात आणि हातातून कागदावर. पस्तीस वर्षांत किती लोकांचं रडगाणं उतरवलं, एक आठवत नाही मला. काल ती पोरगी बोलली आणि माझे हात मोकळे.” पेढ्यांचा पुडा त्यांनी माझ्या हातून घेतला आणि दार लावलं.

दवाखाना महिनाअखेरपर्यंत चालवायचा ठरलं होतं. शेवटच्या संध्याकाळी मी किल्ली घ्यायला गेले. मोईनभाई बाटल्या खोक्यात भरत होते, आणि आत बाकावर किशनराव बसलेले. एक बाही वर केलेली. मला वाटलं, आता हा माणूस शेवटच्या क्षणी कसली हरकत काढतोय? मी मोईनभाईंना बाजूला घेऊन विचारलं, यांना काय झालंय?

“कुछ नै मॅडम,” मोईनभाई हळूच म्हणाले. “साब रोज आतें, छे बजे. आठ-नौ साल से. बीपी एकदम बराबर रैता, गोली कबी नै लिए. मैं पट्टा बांद के हवा भरतूं ना, तो आंखां मूंद लेतें. बोलतें, मोईन, हवा जरा आहिस्ता छोड.”

 वरच्या मजल्यावरचा माणूस. नऊ वर्षं माझ्या डोक्यावर एकटा चालतोय, आणि दिवसातून दोन मिनिटं कुणी आपला हात धरावा म्हणून हा इथे येत होता. ते कलम सात खणखणीत वाचताना त्याला हे माहीत होतं. आपण हे दार आपल्याच हाताने बंद करतोय, हे त्याला माहीत होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला. त्याच्यावर, की चार महिने एवढं ओरडला, पण हे एवढं बोलला नाही. माझ्यावर, की मी विचारलं नाही. कार्ड चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या क्षणी ती किल्ली माझ्या हातात नकोशी झाली.

मोईनभाईंनी पट्टा बांधला, हवा भरली आणि सावकाश सोडली. किशनरावांनी डोळे उघडले, समोर मला पाहिलं आणि एकदम ताठ झाले.

“माननीय कार्यवाह, सातला अजून पाच मिनिटं आहेत. वेळेआधी कुलूप लावता येणार नाही.”

“नाही लावत,” मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसले. “मोईनभाई, दुसऱ्या हाताचंही बघा.”

किशनरावांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग ते दुसरी बाही वर करायला लागले.